‘कोर्क्ये’ची व्युत्पत्ती शोधताना या चुका टाळा

नॉर्वेच्या किनाऱ्यावरील खडकांवर वाढणारी करड्या-पांढऱ्या रंगाची खरपुडी (शैवाक, म्हणजे लायकेन) खरवडून तिच्यापासून जांभळट लाल रंग तयार करीत. त्या खरपुडीला आणि तिच्या रंगालाही ‘कोर्क्ये’ म्हणतात. गोड्या मसाल्यातले आपले दगडफूल याच गोतातले, मात्र जात वेगळी.

बाटलीच्या बुचाला नॉर्वेजियनमध्ये ‘कोर्क’ म्हणतात आणि ही खरपुडीही बुचाच्या सालीसारखी दिसते, एवढ्यावरून दोन्ही शब्द एका मुळाचे मानणे, ही पहिली चूक. कोश उघडल्यावर दुसरी चूक वाट पाहत असते, कारण नॉर्वेजियनच्या ‘नीनॉर्स्क’ या लेखनरूपात ‘कोर्क्ये’च्याच हिज्ज्याचा एक नकारवाचक शब्द असून तो ‘हाही नाही, तोही नाही’ अशा रचनेत येतो; त्याचा रंगाशी काडीचाही संबंध नाही.

खरा माग समुद्रापलीकडे, आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील ‘कोर्कुर’ या शब्दाकडे नेतो आणि तिथून लॅटिन ‘पुरपुरा’पर्यंत, म्हणजे समुद्री गोगलगायींपासून काढलेल्या राजेशाही जांभळ्या रंगापर्यंत पोहोचतो. ‘प’चा ‘क’ कसा होईल, असे म्हणून अनेक जण इथेच हात टेकतात. परंतु लॅटिन शब्द आयर्लंडमध्ये शिरू लागले तेव्हा तिथल्या भाषेत ‘प’ हा ध्वनीच नव्हता, त्यामुळे ऐकणाऱ्यांनी त्याच्या जागी ‘क’च्या जवळचा आपला ध्वनी बसवला, ईस्टरच्या ‘पास्का’चे ‘कास्क’ झाले ते याच वाटेने. ‘पुरपुरा’त ‘प’ दोनदा येतो आणि ‘कोर्कुर’मध्ये दोन्ही ठिकाणी ‘क’ आहे, हा पुरावा मला निर्णायक वाटतो.

गोगलगायीचे नाव खरपुडीला का मिळाले, हे रंगाऱ्याच्या कृतीवरून कळते. ही खरपुडी नुसती पाण्यात उकळून जांभळा रंग मिळत नाही. शिळ्या मूत्रातील अमोनियात ती कित्येक दिवस भिजवून, हवा लागावी म्हणून वरचेवर ढवळावी लागते. हाती येणारा रंग त्या महागड्या जांभळ्याची स्वस्त आवृत्तीच असतो.

आणखी एक सापळा व्यापारात आहे. स्कॉटलंडमध्ये 1758 साली पेटंट घेतलेल्या अशाच रंगाला ‘कडबेअर’ म्हणत आणि त्यासाठी पुढे नॉर्वेतूनही खरपुडी जाई. त्या नावात अस्वल शोधू नये, ते कथबर्ट गॉर्डन यांच्या ‘कथबर्ट’वरून घडवलेले आहे.