घरच्या सोलरला ग्रिड टाय इन्व्हर्टर निवडताना: ब्रँड सगळ्यात शेवटी

कोथरूड असो की धायरी, गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो "इन्व्हर्टर कुठल्या कंपनीचा घेऊ?" आणि खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. तीन वेंडर येऊन जातात, तिघं तीन नावं सांगतात, प्रत्येकाच्या मते बाकीचे दोन भंगार, मग माणूस सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतो आणि तिथे अजून चार नावं मिळतात. त्यापेक्षा तीन कागद समोर घेऊन बसा. महावितरणचं बिल, कोटेशनमध्ये जे पॅनल लिहिलंय त्याची डेटाशीट, आणि इन्व्हर्टरची डेटाशीट. हे तीन एकमेकांशी जुळले की नाव कुठलं का असेना, काम होतं. नाही जुळले तर महागातला महाग आणा, तो ऐन दुपारी लाल दिवा लावून बसणार.

त्याआधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, कारण पैसे भरून झाल्यावर यावरूनच वाद होतात. ग्रिड टाय म्हणजे पॅनलची डीसी वीज एसी करून थेट महावितरणच्या लाईनला, म्हणजे ग्रिडला जोडणारा इन्व्हर्टर. लाईट गेली की हा पण बंद, डोक्यावर कितीही ऊन असलं तरी. बिघाड नाहीये तो, मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो आणि त्याच वेळी तुमच्या गच्चीवरून लाईनमध्ये करंट गेला तर माणूस जाईल. याला अँटी-आयलंडिंग म्हणतात, भारतीय मानकाचा नंबर आयएस १६१६९, त्याचं सर्टिफिकेट वेंडरकडे मागायचंच. आता पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते हे आपल्याला नवीन नाही, तर तेवढ्यासाठी हायब्रिड, म्हणजे बॅटरी जोडता येणारा, घ्यावा का? माझं मत, आठवड्याला एक-दोन तासच जात असेल तर नको. साधा ग्रिड टाय घ्या, आणि घरात आहे तो बॅटरी-इन्व्हर्टर पंखे-दिव्यांना राहू द्या. हायब्रिडला बॅटरी जोडली नाही तर बरेचसे मॉडेल लाईट गेल्यावर तसेही काही देत नाहीत, आणि बॅटरीचा खर्च बिलातल्या बचतीतून निघायला फार वर्षं लागतात. वाघोलीच्या पुढे किंवा गावाकडच्या घरात रोजच चार-चार तास जात असेल तर गोष्ट वेगळी.

घरात जुना बॅटरी-इन्व्हर्टर असेल तर सोलरची वायर त्याच्या आधी, म्हणजे मेनच्या बाजूला जोडली पाहिजे, त्याच्या आउटपुटच्या बाजूला नाही. तिकडे जोडली तर लाईट गेल्यावर सोलर त्या इन्व्हर्टरलाच ग्रिड समजून चालू होऊ शकतो आणि उलटा करंट त्यात ढकलून त्याला जाळू शकतो. वायरमन घाईत असला की हे होतं, जवळ उभं राहून बघा. सोसायटीत जनरेटर असेल तर तिथेही हीच काळजी, जनरेटर चालू असताना सोलर त्याच्यावर येता कामा नये, किंवा तो सांभाळणारा कंट्रोलर तरी पाहिजे.

आता बिल. त्यावर तीन गोष्टी बघायच्या: महिन्याचे युनिट, मंजूर भार, आणि कनेक्शन सिंगल फेज आहे का थ्री फेज. पुण्यात वर्षाची सरासरी धरली तर १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट पकडा, मार्च-एप्रिलला जास्त, जुलै-ऑगस्टला बरेच कमी. म्हणजे महिन्याला ३५० च्या आसपास युनिट जाळणाऱ्या घराला ३ किलोवॅट पुरतो. नेट मीटरिंगचा, म्हणजे लाईनवर पाठवलेले युनिट बिलातून वजा करण्याचा, वर्षाचा हिशोब ३१ मार्चला मिटतो, उरलेल्या युनिटला तेव्हा जो भाव मिळतो तो तुम्ही भरता त्या भावाच्या जवळपास पण नसतो, त्यामुळे उगाच मोठा प्लांट टाकून कमाई होईल या भ्रमात राहू नका. आणि सबसिडीचं गणित इन्व्हर्टरशी बांधलेलं आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, पण क्षमता मोजताना पॅनल आणि इन्व्हर्टर यातलं जे कमी ते धरतात. ३.३ किलोवॅटचे पॅनल आणि २.५ चा इन्व्हर्टर असा स्वस्तातला जोड कोणी दिला तर सबसिडी अडीचवर येऊन थांबणार.

मग पॅनलपेक्षा इन्व्हर्टर लहान चालतो का? थोडा लहान चालतो, उलट तसाच घेतात. ५५० वॅटचा पॅनल ५५० देतो ते लॅबमध्ये, सेलचं तापमान २५ अंश ठेवून. आपल्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी सेल ६०-६५ अंशाला पोचतो, दर अंशाला साधारण ०.३५ टक्के पॉवर उतरते, वर धूळ असते, त्यामुळे ६ पॅनलचे ३.३ किलोवॅट प्रत्यक्षात अडीच-पावणेतीनच्या आसपास फिरतात. ३ चा इन्व्हर्टर त्याला आरामात पुरतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या गार, लख्ख दुपारी थोडं वरचं कापलं जाईल, जाऊ दे.

आता खरी मेख, आणि ती कोटेशनमध्ये कोणी लिहून देत नाही. पॅनलच्या डेटाशीटवर मॅक्स पॉवरचा करंट बघा, हल्लीच्या मोठ्या पॅनलला तो १३ ॲम्पिअरच्या आसपास असतो आणि शॉर्ट सर्किट करंट १४ च्या घरात. बायफेशियल (मागच्या बाजूनेही प्रकाश घेणारा) असेल, खाली पांढरी फरशी किंवा चुना मारलेली गच्ची असेल तर त्याहून जास्त. आता इन्व्हर्टरच्या डेटाशीटवर "मॅक्स इनपुट करंट पर एमपीपीटी" ही ओळ शोधा. एमपीपीटी म्हणजे थोडक्यात पॅनलच्या एका रांगेकडून जास्तीत जास्त पॉवर काढणारी यंत्रणा. जुन्या मॉडेलला तिथे ११ किंवा १२.५ लिहिलेलं असतं. म्हणजे पॅनल देतोय १३ आणि हा घेणार ११, वरचं वाया, आणि ते पण रोज, ऐन दुपारी, ना आवाज ना एरर, कळतच नाही. गोडाऊनमध्ये पडलेला जुना माल "ऑफरमध्ये" येतो तो बऱ्याचदा हाच. किमान १४-१५, जमलं तर १६ असलेला घ्या, आणि शॉर्ट सर्किट करंटची मर्यादा वेगळी लिहिलेली असते ती पण पॅनलपेक्षा वर आहे ना बघा.

व्होल्टेजचं उलटं आहे. सगळे जास्तीत जास्त व्होल्टेजचीच चर्चा करतात, पण ओपन सर्किटला (पॅनलला काही जोडलेलं नसताना) पॅनलमागे ५० व्होल्ट धरले तरी ६ पॅनलचे ३०० होतात, पुण्याच्या थंडीत अजून पाचेक टक्के वाढतील, इन्व्हर्टरची मर्यादा असते ६००. घरच्या सिस्टिमला वरचं टोक नाही, खालचं टोक अडचणीत आणतं. समजा जागा नाही म्हणून ३ पॅनल एका बाजूला आणि ३ दुसऱ्या बाजूला लावले. ३ पॅनलचे चालू व्होल्टेज १२५ च्या आसपास, उन्हाळ्यात त्याहून कमी, त्यात टाकीची सावली एकावर पडली की ऐंशीपर्यंत खाली. इन्व्हर्टरचं स्टार्टअप व्होल्टेज १२० असेल तर तो सकाळी उशिरा उठणार, संध्याकाळी लवकर झोपणार. अशा गच्चीला ६०-८० व्होल्टला सुरू होणारा आणि दोन एमपीपीटीवाला मॉडेल शोधायचा.

दोन एमपीपीटी कशाला ते बघा. तोंड दोन दिशांना असलेले पॅनल एकाच रांगेत जोडले की कमी ऊन असलेला सगळ्यांना मागे ओढतो. सहकारनगरच्या जुन्या बंगल्यांवर हे फार दिसतं, एका बाजूला जिन्याची खोली, त्यावर टाकी, कंपाउंडला लागून नारळ, आणि शेजारी रिडेव्हलपमेंटमध्ये अकरा मजले चढलेले. सावली डिसेंबरात बघा, मे महिन्यात नाही, सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा ती लांब पडते. सकाळ-संध्याकाळ थोडी सावली येत असेल तर दोन एमपीपीटी पुरे. पण दहा ते तीनमध्ये सावली फिरत असेल तर मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनलमागे बसणारा छोटा इन्व्हर्टर) किंवा ऑप्टिमायझरचा (तसाच पॅनलमागे बसून फक्त त्या पॅनलची पॉवर सांभाळणारा डबा) विचार करा, महाग पडतो पण प्रत्येक पॅनल आपापला चालतो. गच्ची मोकळी असेल तर मायक्रोवर जादा पैसे घालू नका, वेंडर कितीही म्हणू दे, आणि बिघडला तर ऐन उन्हात पॅनल उचकून तो काढावा लागतो हे पण लक्षात ठेवा.

थ्री फेज मीटर आहे म्हणून थ्री फेज इन्व्हर्टरच हवा असं लगेच ठरवू नका. थ्री फेजवाल्याला डीसी व्होल्टेज जास्त लागतं, आतून तो ६०० च्या आसपासच्या व्होल्टेजला खूश असतो, त्याला ६ पॅनलचे अडीचशे दिले तर तो कसाबसा चालतो. शिवाय एक फेज गेला तरी पूर्ण बंद. ३ किलोवॅटला सिंगल फेज ठीक, मीटर तिन्ही फेजची बेरीज करतं, फक्त तो सगळ्यात भरवशाच्या फेजवर टाकून घ्या. ५ किलोवॅटच्या पुढे, १० पॅनल एका रांगेत लागत असतील तर थ्री फेज घ्या.

दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी एरर विचारतो. "ग्रिड ओव्हर व्होल्टेज" असेल तर दोष बहुतेक वेळा इन्व्हर्टरचा नसतोच. डीपीच्या जवळ घर, दुपारी सगळे ऑफिसला त्यामुळे लोड नाही, शेजारच्या चार गच्च्यांवर पण सोलर, मग लाईनचं व्होल्टेज आधीच २५० ला टेकलेलं असतं. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर स्वतःचं व्होल्टेज अजून वर न्यावं लागतं आणि किती वर ते वायर ठरवते. ३ किलोवॅट म्हणजे १३ ॲम्पिअर, गच्चीपासून मीटरपर्यंत ३० मीटर, तांब्याची २.५ स्क्वेअरची वायर टाकली तर जवळजवळ ६ व्होल्ट तिथेच वाढतात, ६ स्क्वेअरची टाकली तर अडीचच्याही आत. तपकीर गल्लीत जाऊन चांगली वायर स्वतः आणा, यात वाचवलेले पैसे ट्रिपिंगमध्ये जातात. निवडताना एसी व्होल्टेजची रेंज रुंद असलेला मॉडेल बरा, आणि बसवताना कंट्री सेटिंग "इंडिया" आहे का ते बघून घ्या, दुसऱ्याच देशाचं राहिलं तर उगाच ट्रिप होत बसतो.

जागा कुठली हे पण निवडीतच आलं. आयपी ६५ म्हणजे पाऊस चालतो, ऊन चालतं असं नाही. बहुतेक इन्व्हर्टर ४५ अंशाच्या वर स्वतःहून पॉवर कमी करतात, आणि पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिलमध्ये ४५ सहज होतात. जिन्याच्या खोलीची उत्तरेची भिंत सगळ्यात बेस्ट. पावसाला घाबरून बंद पत्र्याच्या डब्यात तर अजिबात घालू नका, आत भट्टी होते, आणि डब्याला फट राहिली तर कबुतरं पहिल्या महिन्यात घर करतात.

जून-जुलैत सकाळी "आयसोलेशन" नावाची एरर येते आणि अकरा-बारापर्यंत आपोआप जाते, म्हणजे ओलाव्यामुळे वायरमधून जमिनीकडे करंट गळतोय, तेव्हा एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे प्लग) गच्चीवरच्या पाण्यात लोळतोय का बघा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकात बसवलेले असले तर ते पुढे तापून जळतात, म्हणून इन्व्हर्टरच्या खोक्यात आलेले कनेक्टर पॅनलवाल्यांशी जुळतात का ते आधीच विचारा. अर्थिंग तीन वेगळी, डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टरची. डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना एसपीडी, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण. यावर फार बोलत नाही, यात काटकसर करणारा वेंडरच बदला.

एफिशियन्सीवर वेळ घालवू नका. ९७.५ आणि ९८.१ यातला फरक ३ किलोवॅटला वर्षाकाठी २५-३० युनिटचा, पॅनल वेळच्या वेळी धुतले नाहीत तर तेवढे सहज जातील. वॉरंटी मात्र नीट वाचा. पॅनल २५ वर्षं चालतात, इन्व्हर्टरची वॉरंटी मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षं, म्हणजे मध्ये एकदा तो बदलावा लागणार हे धरूनच चाला. आता ब्रँडचा प्रश्न विचारायची वेळ आली, आणि तो पण असा विचारायचा: सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे का, बिघडल्यावर रिपेअर करतात का बदलून देतात, मधल्या काळात स्टँडबाय मिळतो का, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा. एप्रिलमध्ये बंद इन्व्हर्टर म्हणजे रोजचे १२-१४ युनिट गेले. ओळखीत एकाचा इन्व्हर्टर ऐन उन्हाळ्यात गेला, वेंडरचा फोन बंद, कंपनी म्हणते बिल दाखवा, आणि बिल निघालं वेंडरच्याच नावावर. म्हणून सीरियल नंबर लिहिलेलं बिल तुमच्या नावावर घ्या.

बसवायच्या दिवशी दोन-तीन गोष्टी स्वतः बघा. नेट मीटर लागल्याशिवाय इन्व्हर्टर चालू ठेवू नका, बरीच साधी मीटर बाहेर गेलेले युनिट पण वापर म्हणून मोजतात आणि बिल उलटं वाढतं. नेट मीटर लागलं की भर उन्हात मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर क्षणात बंद झाला पाहिजे, परत चालू केला की तो साधारण मिनिटभर ग्रिड तपासून मग जोडला जातो, लगेच नाही. वायफायचा डोंगल शक्यतो २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, गच्चीवर रेंज पोचते का ते वेंडर समोर असतानाच तपासा. आणि ॲपमधलं अकाउंट वेंडरच्या ईमेलवर काढलेलं असतं, ते आपल्या ईमेलवर करून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.