एक गड्डा कोबी, आठवडाभर जेवण

कोबीची बदनामी मेसवाल्यांनी केलीय. पिवळट, लगदा झालेली, ताटात पाणी सोडणारी ती भाजी एकदा खाल्ली की माणूस आयुष्यभर कोबीचं नाव काढत नाही. पण कोबीत मुळातच 90 टक्क्यांच्या वर पाणी असतं, त्यात आपण वरून अजून पेलाभर ओततो, गच्च झाकण लावतो आणि गॅसवर विसरून जातो, मग काय होणार. काही घरांत तर कुकरला दोन शिट्ट्या काढतात, ते कृपा करून बंद करा. कोबीत गंधकाची संयुगं असतात, जितका जास्त वेळ शिजवाल तितका तो उग्र वास वाढत जातो, म्हणजे वास भाजीचा नाही तर आपल्या आळसाचा. रुंद कढई, मोठी आच, वरून पाण्याचा थेंब नाही आणि दहा मिनिटांत गॅस बंद, एवढं पाळलं तर अर्धं काम झालं.

आता खरेदी. थंडीत कोबी सगळ्यात चांगला आणि सगळ्यात स्वस्त, साधारण 20-30 रुपयांत किलोभराचा गड्डा येतो. (आपल्याला स्वस्त मिळतो म्हणून खूश व्हावं तर तिकडे भाव पडला की शेतकरी उभ्या पिकात मेंढ्या सोडतात, काढणीची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणून.) एकाच आकाराचे दोन गड्डे दोन हातांत घ्या आणि जड लागेल तो उचला, हलका म्हणजे आत पोकळ. बुडाचा दांडा बघायचा, पांढरा-ओलसर असेल तर ताजा, तपकिरी पडून वाळलेला असेल तर बरेच दिवसांचा. आणि बाहेरची हिरवी पानं असलेला गड्डा मिळाला तर तोच घ्या. पांढराशुभ्र चकचकीत गड्डा दिसायला ताजा वाटतो पण बऱ्याचदा तो जुनाच असतो, भाजीवाल्यानं वरची खराब पानं सोलून सोलून त्याला तसा केलेला असतो.

घरी आणल्यावर धुवायचा नाही. तसाच कोरडा कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात टाकला की दोन आठवडे सहज टिकतो, पालक-मेथीचं तसं नाही, म्हणून एकट्यानं राहणाऱ्यांसाठी ही भाजी बेस्ट. एकदा कापला की मात्र कापलेली बाजू काळी पडायला लागते, ती बाजू झाकली जाईल असा घट्ट गुंडाळून तीन-चार दिवसांत संपवा.

अळ्यांचं म्हणाल तर असतात, विशेषतः उन्हाळ्याकडे. वरची दोन पानं काढा, गड्ड्याचे चार तुकडे करा, मीठ-हळद घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग स्वच्छ पाण्यातून काढून चाळणीत निथळू द्या आणि पूर्ण निथळल्यावरच चिरा. चिरून झाल्यावर धुतलात तर पुन्हा तेच, भाजी पाण्यात पोहणार. आणि ते कोबीतला किडा डोक्यात जातो प्रकरण, त्याबद्दल पण सांगतो. मेंदूत गाठी होण्याचा तो आजार डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या फितकृमीच्या (टेपवर्म) अंड्यांमुळे होतो, ती अंडी घाण पाण्यातून, मातीतून कुठल्याही भाजीवर येऊ शकतात, कोथिंबीर, मुळा, गाजर सगळ्यांवर, एकट्या कोबीला शिक्षा कशाला. नीट शिजवलं की प्रश्न मिटला, आणि कच्चा खायचा असेल तर पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवायचं.

एका गड्ड्यात खरं तर तीन वेगवेगळ्या भाज्या असतात. बाहेरची हिरवी जाड पानं, मधला करकरीत भाग आणि आतला दांडा. सगळं एकाच भाजीत कोंबलं की पानं शिजतात तोवर मधला भाग गळून जातो. म्हणून मधला भाग भाजी आणि कोशिंबिरीला, बाहेरची पानं झुणक्याला नाहीतर थालिपिठाला आणि दांडा आमटीत, अशी वाटणी करायची.

रोजची भाजी चण्याची डाळ घालून. अर्ध्या गड्ड्याला पाव वाटी डाळ पुरे, ती दोन तास भिजली पाहिजे, घाई असेल तर गरम पाण्यात तासभर. विळी असेल तर कोबी विळीवर चिरा, सुरीनं तितका बारीक येत नाही, आणि फूड प्रोसेसरमधून काढाल तर भुगा होतो आणि पाणी तिथंच सुटायला लागतं. कढईत दोन चमचे तेल, मोहरी चांगली तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता, तीन-चार हिरव्या मिरच्या. मिरच्याच घाला, लाल तिखटानं रंग मळकट होतो. आधी डाळ परतायची, मग कढईवर ताटली ठेवून ताटलीत थोडं पाणी घालायचं आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं डाळ वाफवायची. डाळीचा दाणा बोटांनी दाबून बघा, तुटला पण पीठ झालं नाही असा असला की झालं. आता गॅस मोठा करून कोबी टाका आणि सारखं हलवत राहा. सुरुवातीला कढईत मावणार नाही असं वाटतं, दोन-तीन मिनिटांत बसतो. म्हणूनच मीठ आधी घालू नका, एक तर पाणी सुटतं, दुसरं म्हणजे ढीग बघून मीठ घातलं की नंतर भाजी खारट. बसल्यावर मीठ, चिमूटभर साखर, अजून तीन-चार मिनिटं उघड्यावर परता आणि दाताखाली किंचित कुरकुर राहिली असतानाच बंद करा, कढईच्या उष्णतेनं पुढचं आपोआप शिजतं. वरून ओलं खोबरं-कोथिंबीर. खोबरं महाग वाटत असेल तर नका घालू, काही बिघडत नाही.

डाळ भिजवायला विसरलात तर मटार, नाहीतर बटाट्याच्या बारीक फोडी. गोव्याकडे कांदा-मिरची आणि भरपूर ओलं खोबरं घालून कोबीची फुगाद करतात, ती तर याहून सोपी, आणि सोलकढी-भाताबरोबर काय लागते म्हणून सांगू.

बाहेरची पानं फेकणारे लोक बघितले की जीव तुटतो. झुणक्यासाठी मधली जाड शीर काढून टाका, पानं बारीक चिरा, लसूण आणि लाल तिखटाच्या फोडणीवर कांद्याबरोबर परता. इथं तेलाचा हात सैल हवा, दोन वाट्या चिरलेल्या पानांना तीन चमचे तरी. पानं मऊ झाली, मीठ घातलं की वरून चार-पाच चमचे बेसन भुरभुरवायचं, लगेच हलवायचं नाही, झाकून दोन मिनिटं वाफ, मग उलथण्यानं खालीवर करायचं, परत वाफ. पीठ कोरडं दिसलं तर हातानं पाण्याचा हबका मारा, ओतू नका. कढईच्या तळाला जी खरपूस खरवड धरते ती खरवडून काढा, तीच सगळ्यात चविष्ट. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, झालं जेवण, आणि खर्च धरला तर दोन माणसांचं पोट एका वडापावच्या पैशात भरतं.

कोशिंबिरीत सगळा खेळ वेळेचा आहे. कोबी अगदी बारीक चिरून ठेवा, दाण्याचं कूट, मिरची, साखर, लिंबू, मोहरी-हिंगाची फोडणी सगळं तयार ठेवा, पण मीठ आणि लिंबू ताटं वाढताना घाला, आधी घातलं की पंधरा मिनिटांत खाली तळं साचतं. डब्यात न्यायची असेल तर मीठ वेगळ्या पुडीत न्या, हसू नका, कामाला येतं. कूट जरा जाडसर असावं. 100 ग्रॅम कच्च्या कोबीत साधारण 35 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, शिजवताना त्यातलं बरंच उडून जातं, तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा कच्चा पोटात गेलेला बरा. ज्यांना कच्च्यानं गॅस होतो त्यांनी ती गरम फोडणी जरा जास्तच घालून दोन मिनिटं झाकून ठेवा, थोडा मऊ पडतो.

आणि आता वड्या, हा माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणून जरा सविस्तर. इथं मात्र मिठाचं उलटं. तीन वाट्या बारीक चिरलेल्या कोबीला आधीच मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचं, कारण पाणी सुटायलाच हवंय, त्याच पाण्यात पीठ भिजवायचं. आलं-मिरची-लसणाचं वाटण, हळद, तिखट, धने-जिरेपूड, तीळ, थोडा ओवा, चमचाभर तेल आणि मग साधारण वाटीभर बेसन नि दोन चमचे तांदळाचं पीठ, तेही थोडं थोडं घालत. पीठ कमी वाटलं तर घाला पण पाणी घालू नका, कोबी हातात दाबत दाबत मळला की अजून पाणी सोडतो आणि गोळा आपोआप जमतो. गोळा मऊच हवा, पोळीच्या कणकेएवढा घट्ट केलात तर वडी दगड होते. मूठभर जाड लांबट रोल करा, तेल लावलेल्या चाळणीत ठेवा, खाली पाणी उकळतं हवं, झाकून 15-20 मिनिटं वाफवा. सुरी घालून बघा, कोरडी बाहेर आली की झालं. यानंतर सगळ्यात अवघड पायरी येते, ती म्हणजे थांबणं. गरम असताना कापलात तर चुरा होणार, पूर्ण गार होऊ द्या. मग अर्ध्या बोटाच्या जाडीच्या वड्या कापून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करा, तळायची काही गरज नाही. वाफवलेले रोल फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस छान राहतात, सकाळी डब्याच्या गडबडीत कापायचे आणि तव्यावर टाकायचे.

चाळणी-बिळणी नसेल तर हेच मिश्रण जरा सैल करून, त्यात नारळाचं दूध घालून तेल लावलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात थापा, झाकून मंद आचेवर ठेवा आणि खालची बाजू लाल झाली की ताटलीवर उलटं करून दुसरी बाजू भाजा. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत कोबीचं भानोळं करतात ते याच वळणाचं, पूर्वी खाली-वर निखारे ठेवून करायचे. नारळाचं दूध आलं की स्वस्ताई जरा बाजूला राहते, पण पाहुण्यांना चालतं.

मंचुरियनच्या नादाला मात्र घरी लागू नका असं माझं मत. कोबी तोच 20 रुपयांचा, पण मैदा, कॉर्नफ्लोअर, तीन तऱ्हेचे सॉस आणि कढईभर तेल, एवढं करून गाडीवरच्यासारखी चव येत नाही ती नाहीच. अगदी खावंसं वाटलं तर वरच्याच वड्यांचे तुकडे लसूण, सिमला मिरची आणि सोया सॉसवर मोठ्या आचेला परता, पोरं काही न बोलता खातात.

उरलेल्या भाजीचं थालीपीठ होतं, त्यात काही सांगण्यासारखं नाही, भाजणीत भाजी, कांदा, तिखट-मीठ, थापा, मध्ये भोक पाडून तेल सोडा. पराठ्यात भरायची असेल तर भाजी आधी तव्यावर कोरडी करून घ्या आणि डाळ असलेली भाजी शक्यतो नकोच, लाटताना डाळ पोळी फाडते. उरलेला भात असेल तर उभा चिरलेला कोबी, दाणे आणि गोडा मसाला घालून कोबीभात पाच मिनिटांत होतो, भात शिळा आणि मोकळा असला तर जास्तच चांगला.

दांड्याचं राहिलं. बाहेरचं चामट साल सोलून टाका, आतला पांढरा गर कोवळ्या मुळ्यासारखा लागतो, चकत्या करून मीठ लावून तसाच खाल्ला तरी चालतो, चिरता चिरताच संपतो म्हणा. उरला तर बोटभर तुकडे करून तुरीच्या आमटीत शेवग्याच्या शेंगेच्या जागी टाका, चिंच-गूळ जरा जास्त. तुकडे आधी फोडणीत परतून घ्या आणि डाळ वेगळी शिजवा, डाळीबरोबर कुकरमध्ये गेले की परत तोच मेसचा वास.