दारू घरी एकदम तोडू नका, आधी सिव्हिलला जा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले तेव्हा लहान भाऊ चार दिवसांपासून पत्त्यांच्या डावावर बसलेला होता, सकाळी उठल्यापासून पिऊन. माय म्हणाली, आता बस झालं. आम्ही त्याला मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. आठ दिवस कळ काढली की सुटेल, असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात इतके थरथरत होते की चहाची बशी ओठापर्यंत जाईना. तिसऱ्या रात्री तो गोधडीवरून काहीतरी वेचायला लागला. चिमटीत धरायचा, भिंतीकडे टाकायचा. "ताई, मुंग्या काढ ना." गोधडीवर एकही मुंगी नव्हती. गल्लीतल्यांनी बाहेरचं आहे म्हणून सांगितलं, आम्ही भगताकडे नेलं. पहाटे अंग तापलं, अंथरूण घामाने भिजलं आणि तो मायला ओळखेना. तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी आता प्रत्येक घरी सांगते. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर पहिल्या 48 तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, भ्रम होतो आणि त्यात माणूस दगावतोसुद्धा. म्हणून ज्याला सकाळी डोळा उघडताच घोट लागतो, त्याला कोंडू नका. दवाखान्यात गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, आणि हे दिवस निभावून जातात.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने निघा. केसपेपरच्या खिडकीवर "मानसोपचार" एवढंच सांगा, लाजू नका. आधार कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, आणि एका कागदावर लिहून न्या: रोज किती पितो, किती वर्षं, शेवटचा घोट कधी घेतला. शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच घाईत कोणाला आठवत नाही.

तो येतच नाही म्हणतो? मग आधी तुम्ही जा. माणूस तयार होण्याची वाट बघत मी दोन वर्षं घालवली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोन-मदतीचा, नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत. नशेसाठी वेगळा 14446 आहे. पहिल्यांदा फोन लावला तेव्हा मला नुसतं रडूच आलं. पलीकडची मुलगी बोलली नाही, थांबून राहिली, आणि मग हळूच विचारलं, "आज जेवलात का?" त्याच्याशी कसं बोलायचं ते तिनेच शिकवलं: सकाळी, शुद्धीत असताना, एकट्याने. भाऊबंद गोळा करून नाही. "दारू सोड" म्हणण्याऐवजी "तुझी झोप गेलीय, पोट दुखतं, चल दाखवून येऊ" म्हणा. आमचा भाऊ याच वाक्यावर उठला.

"पेशंटच्या नकळत दारू सोडवा" असं छापलेल्या कागदांच्या नादी लागू नका. दारू सोडवणारी एक गोळी अशी असते की ती घेतल्यावर प्यायलं तर रक्तदाब कोसळतो, जीवावर बेततं. ती त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची. भाजीत कालवून कधीच नाही.

खाजगी केंद्रात ठेवायचं असेल तर आधी स्वतः जाऊन बघा. आमच्या भावाला एका केंद्रात महिनाभर ठेवलं. डॉक्टर एकदाही आले नाहीत आणि रात्री पाय बांधायचे. हे आम्हाला तो घरी आल्यावर घोट्यावरचे वळ पाहून कळलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंड घालायला मनाई आहे. नोंदणी दाखवा म्हणा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात ते विचारा, स्वयंपाकघर आणि संडास बघा. भेटू देत नसतील तर तिथून परत फिरा.

तरण्या पोरांचं वेगळं. गांजा, व्हाइटनर, मोबाइलवरचे पैशांचे डाव. रात्रभर जागणं, घरातले पैसे गायब होणं, मित्र बदलणं दिसलं की मारू नका, विचारा. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोरगं मोकळं होतं. आणि कपाशीच्या फवारणीचं औषध घरात उघडं ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे.

घरी आल्यावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाची, मीटिंग शोधा. फी लागत नाही. घरच्यांसाठी तसाच अल-ॲनॉन गट आहे, मायला मी तिथेच नेलं. आमचा भाऊ पाच महिन्यांनी पुन्हा प्यायला. त्या रात्री आम्ही भांडलो नाही. कळण्याची भाकरी खाऊ घातली, झोपवला, आणि सकाळी तोच जुना केसपेपर घेऊन पहिल्या एसटीत बसलो.