जुन्या तिकिटाचा कागद ओळखायचा तर तिकीट पालथं घाला

दोन तिकिटं समोरून हुबेहूब सारखी असतात, भावात मात्र जमीन-अस्मान. बहुतेक वेळा फरक कागदात असतो. म्हणून चित्र विसरायचं आणि तिकीट चिमट्याने पालथं घालायचं.

हात बसायला १९५७ ची नव्या पैशांची नकाशा-मालिका उत्तम. नकाशा तोच, बहुतेक मूल्यंही तीच. पण आधीच्या छपाईच्या कागदात अनेक चांदण्यांचं जलचिन्ह (वॉटरमार्क, कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) आहे, तर १९५८ पासून आलेल्या कागदात अशोकस्तंभाचं शीर्ष. वापरलेली तिकिटं स्वस्तात मिळतात. लिफाफ्याचा तुकडा साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, तिकीट आपोआप सुटू द्या आणि ओलंच काळ्या टाइलच्या तुकड्यावर पालथं ठेवा. जलचिन्हाच्या जागी कागद पातळ असल्याने तिथे काळं जास्त डोकावतं. बिजागरी (तिकीट अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी) ओढून निघालेला पातळ डागही असाच दिसतो. पण त्याची कड फाटकी असते, जलचिन्हाची रेखीव.

काश्मीर संस्थानची देशी कागदावर जलरंगात छापलेली तिकिटं मात्र चुकूनही भिजवू नका. रंगच पाण्यात जाईल.

डिंक शाबूत असलेल्या कोऱ्या तिकिटाला पाणी चालत नाही. तिथे पेट्रोलियम बेंझिनचे दोन-तीन थेंब काळ्या तबकात टाका. खिडकी उघडी हवी, जवळ दिवा-उदबत्ती नको. पंपावरचं पेट्रोल नको, मागे डाग ठेवतं. फोटोग्राव्ह्युअर छपाईचा रंग बेंझिनने उतरू शकतो, त्यामुळे तशी तिकिटं आधी तिरप्या उजेडात कोरडीच बघा. भारतीय तिकिटांच्या जलचिन्हांचा क्रम लक्षात ठेवा: १८६५ चं हत्तीचं डोकं, १८८० च्या दशकातली एकेरी चांदणी, १९२६ पासून नाशिकच्या छपाईत अनेक चांदण्या, आणि १९५८ पासून अशोकस्तंभाचं शीर्ष. त्यात न बसणारं जलचिन्ह दिसलं तर तिकीट पुन्हा तपासा.

मग कागदाची वीण. उजेडासमोर धरल्यावर एकमेकींच्या अगदी जवळ असलेल्या समांतर रेषा आणि त्यांना आडव्या, लांब-लांब अंतरावर मोजक्या रेषा दिसल्या तर तो लेड (laid) कागद. कापडासारखी सारखी जाळी दिसली किंवा काहीच नजरेत भरलं नाही, तर वोव्ह (wove).

जाडीसाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपच्या टेबलावर असतो तोच मायक्रोमीटर पुरतो, ०.०१ मिलिमीटर लघुतम मापाचा. टोकाच्या रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या मुठीने) फिरवा, थेट स्क्रू आवळलात तर कागद दबतो आणि आकडा कमी येतो. बिजागरी आणि डिंकाचा थर टाळून तीन-चार ठिकाणी मोजा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद फुगतो, तेव्हा तुलना करायची दोन्ही तिकिटं एकाच बैठकीत मोजावीत. सुट्या आकड्याला फार अर्थ नाही.

खडूचा थर दिलेला कागद सातव्या एडवर्डच्या काळापासून ब्रिटिश वसाहतींच्या तिकिटांत भेटतो. पुसून पुन्हा वापर होऊ नये म्हणून हा थर. त्यामुळे भिजवलं की छपाईही सुटते. खात्रीसाठी गुजरीत किंवा हुपरीत मिळेल असा शुद्ध चांदीच्या तारेचा छोटा तुकडा कडेला हलकेच घासा. पेन्सिलीसारखी काळपट रेघ उमटली तर खडू आहे. ही रेघ कायमची राहते, म्हणून भारी तिकिटावर हा प्रयोग नको.

रंगीत कागद फसवतो. १८५५ च्या चार आणे आणि आठ आण्यांच्या तिकिटांचा निळा कागद मुळातच निळा. इंग्लंडच्या जुन्या लाल पेनीचा निळसरपणा मात्र शाईतल्या रसायनाचा. पावसाळ्याने आलेला तांबूसपणा कडेच्या दातेऱ्यांपासून ठिपक्याठिपक्यांनी आत सरकतो. छापखान्यातला रंग सर्वत्र एकसारखा असतो.

शेवटी ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, अंधाऱ्या खोलीत. ३९५ ची स्वस्त टॉर्च जांभळा उजेडच जास्त देते. दुसऱ्या महायुद्धाआधीचा कागद पांढराशुभ्र चमकला तर नकली किंवा दुरुस्त केलेला असण्याची शंका घ्या. पण आधी तिकीट कपड्यांच्या पावडरीच्या बादलीत भिजवलेलं नाही ना, ते विचारा. पावडरीतला उजळ करणारा घटक कागदाला चिकटतो आणि अस्सल तिकीटही चमकायला लागतं.