होडी कलली तरी सामान जागेवर

पानशेतच्या जलाशयात आमची शिडाची छोटी होडी एका झुळकीत एवढी कलली की तळातला नांगर घसरत येऊन माझ्या नडगीवर आदळला. वल्हं पाण्यात पडलं आणि पाणी उपसायचा डबा बघता बघता बुडाला. नडगी आठवडाभर दुखली. पण खरी भीती डब्याची वाटली. होडीत पाणी भरलं असतं तर उपसणार कशानं?

पुण्याला परतल्यावर बोहरी आळीतून इलॅस्टिक दोरी, बकलवाला नायलॉनचा पट्टा आणि पॉलिप्रॉपिलीनची दोरी आणली. हीच दोरी घेतली, कारण ती तरंगते, नायलॉनची बुडते.

नांगर आधी इलॅस्टिकनंच बांधला होता. ते चुकलं. जड वस्तूच्या हिसक्यानं इलॅस्टिक ताणतं आणि नांगर पुन्हा सुटतो. आता तो डोलकाठीच्या बुडाशी, अगदी तळाला, पट्ट्यानं आवळलाय. पट्ट्याच्या कड्या स्क्रूनं न बसवता आरपार बोल्टनं बसवल्या, मागे रुंद वॉशर, भोकात सिलिकॉन. वल्ह्याला इलॅस्टिक पुरतं, कारण ते एका हातानं झटकन निघायला हवं.

डबा हातभर दोरीनं बांधलाय, बोलाइन गाठ (न सरकणारा फास) मारून. दोरी याहून लांब ठेवू नका, होडी उलटली तर पायात अडकते.

मग काठाजवळ, कंबरभर पाण्यात, मित्राला घेऊन होडी मुद्दाम आडवी केली. फक्त पाण्याची बाटली निसटली. तिलाही आता दोरी आहे.