महाडीबीटी: फॉर्म नंतर, आधी सीडिंग बघा

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा याचे व्हिडिओ ढिगाने मिळतात. बहुतेकांत कुठलं बटण दाबायचं एवढंच असतं. बटणं कुणीही दाबेल. अर्ज मंजूर होऊनही पैसे येत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा बँकेत असतं: सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधार क्रमांक बँकेशी जोडणं, नीट झालेलं नसतं.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, गुणपत्रिका, कॅपचं (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, फीची पावती, लागू असेल तर जातीचा दाखला, हे सगळं हाताशी आहे असं धरतो. प्रोफाइल भरा, योजना निवडा. अनुसूचित जातीसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक, उत्पन्न मर्यादा २.५ लाख. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा ८ लाख. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत १०० टक्के सवलत आहे, पण ती शिक्षण आणि परीक्षा शुल्कातच. ‘मुलींना सगळं मोफत’ असं सांगणाऱ्याला हॉस्टेलची फी कोण भरणार ते विचारा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला असेल तर ही सवलतसुद्धा विसरा.

मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको.

आता बँक. शिष्यवृत्ती आधार क्रमांकाच्या आधारे जमा होते. एनपीसीआय या देशातल्या पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेकडे तुमच्या आधारसमोर ज्या बँकेची नोंद आहे, तिथेच पैसे जातात. एका आधारसमोर एकच बँक असते, आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात घेण्यासाठी) शेवटी जिथे संमती दिली ती. काउंटरवर विचारलं की ‘हो, आधार लिंक आहे’ असं उत्तर येतं. ते उत्तर केवायसीचं, म्हणजे खात्यासाठी ओळख पटवण्याचं असतं, सीडिंगचं नाही; त्यावर अजिबात विसंबू नका. मीही या उत्तरामागे बऱ्याच मुलांबरोबर शाखांचे उंबरे झिजवले आहेत.

त्यापेक्षा माय आधारच्या साइटवर ओटीपीने लॉगिन करा आणि बँक सीडिंग स्टेटस उघडा. बँकेचं नाव आणि पुढे ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं पाहिजे. दिसत नसेल किंवा भलतीच बँक असेल, तर हव्या त्या शाखेत डीबीटी सीडिंगचा फॉर्म भरा आणि पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. काही दिवसांनी पुन्हा तपासा. शाखा टोलवाटोलवी करत असेल तर पोस्टात जाऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा आणि तिथे सीडिंग करून घ्या.

अर्ज केल्यापासून शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता येईपर्यंत नवं खातं उघडू नका. मोबाइलवर झटपट खातं काढताना एखादी टिक पडते, सीडिंग तिकडे सरकतं आणि पैसे भलत्याच खात्यात शोधावे लागतात. खातं जुनं, अर्धवट केवायसीचं ‘लहान खातं’ असेल तर त्यातून महिन्याला १०,००० च्या वर रक्कम काढता येत नाही. मोठी रक्कम तिथे अडकते. आधी पूर्ण केवायसी करून घ्या.

सबमिट केल्यावर अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जातो. प्रिंट आणि कागद क्लार्ककडे द्या, त्यांनी पुढे पाठवला की नाही ते आठवड्याला लॉगिन करून बघा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर शेरा वाचा, तेवढीच दुरुस्ती करून मुदतीच्या आत पुन्हा सबमिट करा. एसएमएसची वाट बघत बसू नका.