मे महिन्यात विहिरींची पाणीपातळी मोजायला निघताय? आधी हे वाचा

वही, पेन, पाणी, टोपी हे काय सांगायचं. टेप तीस मीटरचा घ्या, टोकाला वजन बांधा, सुरुवातीचे आकडे झिजलेले असले तर तो टेप ठेवूनच द्या.

आता मेन गोष्ट, लाल ऑइलपेंट. छोटा डबा, ब्रश. विहिरीवर जिथून टेप खाली सोडला तिथंच खूण करायची, फोटो काढायचा अन् कठड्याची जमिनीपासूनची उंची वेगळ्या रकान्यात लिहायची. कठडा ७५ सेंटिमीटर अन् टेपवर ८.४० मीटर आलं तर पाणी जमिनीखाली ७.६५ मीटरवर. मे मध्ये एकानं कठड्यावरून मोजलं, ऑक्टोबरात दुसऱ्यानं जमिनीपासून, की थेंबभर पाणी न वाढता पाऊण मीटर चढलेलं दिसतं. मागच्या खेपेला आमची अख्खी तुलना इथंच गेली. तीन-तीन रीडिंग घेतली होती, तिन्ही जुळायची, पण काय उपयोग, जागाच चुकली तर शंभरदा मोजून सरासरी काढली तरी चूक तेवढीच राहते. म्हणून पेंट. दुकानातून निघताना पुन्हा बघा, पेंट घेतला का.

महिना काहून मे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे अन् ऑक्टोबर अशा चारदा मोजते, तेच महिने धरले तर त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतं.

विहिरी निवडताना डांबरी रोडच्या कडेच्याच घेऊ नका, गाडी लावायला सोपं पडतं म्हणून सगळे तेच करतात. बोअर अन् विहीर एका तक्त्यात तर अजिबात नको, आपल्या काळ्या पाषाणात बोअरला खोल भेगांतलं पाणी लागतं, विहिरीत वरच्या मुरमाचं, दोन्हीचा मेळ लागत नाही.

मालकाला आदल्या दिवशी फोन करा, "मामा, लाईट दिवसपाळीची का रातपाळीची?" एवढं विचाराच. मोटार चालू असली की पातळी खाली गेलेली असते, बंद केल्यावरही भरायला तास न् तास लागतात, म्हणून मोटार कधी बंद झाली ती वेळ लिहा. कठड्यावर वाकू नका, एकट्यानं जाऊ नका.

टेपवर सेंटिमीटरच दिसतो ना, मग ७.६५३३ लिहू नका. तीन रीडिंग, तारीख, वेळ, मोजणाऱ्याचं नाव. अन् खुणेचा फोटो, पुन्हा सांगायलोय. रात्रीच एक्सेलमध्ये टाका. आलेख नंतर, ते होतं कसंतरी.